एक पक्कं मत

प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, आधी महिनाभर आमच्या वेस्ट ॲशबरीत फोन नुसते खणखणत असतात. कुठल्यातरी लांबच्या शहरातून एखादी मुलगी विचारते, "उद्याच मतदान असेल तर तुम्ही कुणाला मत द्याल?" विचारते तेही नेमकं जेवायच्या वेळी. मग आमचे लोक तिला वाट्टेल ते ठोकून देतात. हॉलिस प्रुइटने एका आठवड्यात तीन मुलींना तीन वेगवेगळी नावं सांगितली, आणि हा माणूस आमच्या गावसभेचा अध्यक्ष आहे. तेव्हा पेपरात छापून येणाऱ्या आकड्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

मी कुणाला काही विचारत नाही. मी गावचा कचरा डेपो सांभाळतो, अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्याकडे घरोघर कचरा न्यायला कुणी येत नाही. शनिवारी आणि सोमवारी ज्याने त्याने आपापल्या पिशव्या गाडीत घालायच्या आणि माझ्याकडे यायचं. काच इकडे, पत्र्याचे डबे तिकडे, कागद हिरव्या पिंपात, उरलेलं सगळं मागच्या कंटेनरमध्ये. सगळा गाव एका जागी येतो असं ठिकाण हे एकच. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसंही इथेच येतात, लोकांच्या पिशव्या उचलायला मदत करतात आणि हात मिळवतात. पुढे फार मोठ्या पदावर गेलेल्या एका गृहस्थाला काचेत प्लास्टिक टाकल्याबद्दल मी चांगलं फैलावर घेतलं होतं. त्याने माफी मागितली आणि ते वाकून परत काढलं.

तर माझी पद्धत अशी. प्रत्येक उमेदवार प्रत्येक घरी पत्रकं पाठवतो. जाड, गुळगुळीत कागद, त्यावर बायको, मुलं आणि कुत्रा. ती सगळी शेवटी माझ्या हिरव्या पिंपात येऊन पडतात. पण ज्याला मत द्यायचं मनात ठरलं, त्याचं पत्रक माणूस टाकत नाही. का टाकत नाही ते देव जाणे. फ्रिजवर लावतो, खणात सारतो, पण टाकत नाही. म्हणजे पिंपात ज्याची पत्रकं कमी, तो गावात वर. मतदानाच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी माझ्या खोपटाच्या दारापाशी फळ्यावर खडूने पहिली तीन नावं लिहितो. सात प्रायमऱ्या झाल्या, एकदाही चुकलो नाही. बॉस्टनच्या एका पेपराने एकदा माझा फोटो छापला होता, पोट आत ओढून काढलेला.

आणि मी स्वतः कुणाला मत देतो हे या गावात कुणालाही ठाऊक नाही. माझी बायको गेली, तिलासुद्धा ठाऊक नव्हतं. ज्याच्या हातात खडू आहे त्याने तोंड मिटून ठेवायचं असतं, असं माझं मत आहे. लोक मला खडूस म्हणतात ते यामुळेच. म्हणू देत.

या वर्षी मात्र सगळा घोळ झाला तो माझ्या बहिणीमुळे.

ओडील माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, शहात्तरची. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा ल्यूसियाँ गेला आणि बाईने स्वयंपाक सोडला. रात्री टोस्ट आणि चहा, एवढंच. मी रविवारी जाऊन ओरडायचो, ती म्हणायची, "एकटीसाठी काय ओव्हन पेटवू?" मग गेल्या मार्चमध्ये वेंडेल हॉगन आला. गव्हाच्या शेतांच्या कुठल्याशा राज्याचा माजी गव्हर्नर, राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला, एक बॅग आणि कुणाकडून तरी मागून आणलेली गाडी. त्याच्याकडे हॉटेलात राहण्याइतकेही पैसे नव्हते. चर्चमध्ये विचारलं, कुणाकडे खोली आहे का, आणि आमच्या बाईसाहेबांनी हात वर केला.

दहा महिन्यांत तो तिच्याकडे एकतीस रात्री राहिला. भांडी पुसायचा. स्वयंपाकघराचं दार त्याने दुरुस्त केलं, तेव्हापासून ते लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. ओडील म्हणते, मुद्दाम तसं केलंय, वारा येऊ नये म्हणून. तो आला की ही शनिवारी बीन्स शिजत घालायची, तुर्तिएर करायची. आमच्या आईच्या हातची ती मांस भरून ओव्हनमध्ये भाजलेली पाई ल्यूसियाँ गेल्यापासून आमच्या घरात झालीच नव्हती. मला पहिल्यांदा तिच्या घराबाहेर गाडीतच वास आला आणि मी दोन मिनिटं तसाच गाडीत बसून राहिलो. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर, हे मी कबूल करतो.

सोमवारी तिचा कचरा घेऊन तोच यायचा. काच, डबे, कागद, सगळं बरोबर वेगळं केलेलं. उभा राहायचा, गप्पा मारायचा, लोकांच्या कुत्र्यांची नावं त्याला पाठ. बर्फात अडकलेल्या चार गाड्या त्याने ढकलल्या, त्यातली एक दुसऱ्या उमेदवाराच्या माणसांची होती. सगळ्या गावाला तो आवडायचा. आणि सगळा गाव पिशव्या टाकता टाकता मला एकच सांगायचा, "फार चांगला माणूस आहे, पण." त्या 'पण'च्या पुढे कुणी काही बोलायचं नाही. त्याची पत्रकं कधी छापलीच नव्हती, त्यामुळे पिंपात बघायलाही काही नव्हतं.

तो सोमवार उजाडला. नाकातले केस गोठतील अशी थंडी. फाटकाच्या एका बाजूला एलेरीची पोरं पाट्या घेऊन उड्या मारत होती. एलेरी म्हणजे तरुण, दात फार असलेला संसद सदस्य. दुसऱ्या बाजूला सेनेटर व्हिटलॉकच्या बायका थर्मासमधून कॉफी पीत उभ्या होत्या. सेनेटर कोरीन व्हिटलॉक स्वतः डिसेंबरात येऊन गेली होती. मी तिला विचारलं होतं, "आता काच कुणी विकत घेत नाही, ती कुठे टाकायची?" तिच्याआधी हा प्रश्न मी अकरा उमेदवारांना विचारला असेल, आणि अकराही जणांनी मला देशाच्या भविष्याबद्दल सांगितलं. ही म्हणाली, "मला माहीत नाही. मला समजावून सांगा." आणि चाळीस मिनिटं त्या थंडीत काचेच्या ढिगापाशी उभी राहून वहीत लिहून घेतलं तिने. पुढच्या आठवड्यात फोन करून आणखी दोन गोष्टी विचारल्या. इतकंच सांगतो, बाकी तुम्ही समजून घ्या.

दुपारी एकला मी शेवटचा हिरवा पिंप उपसला, पत्रकं मोजली, परत मोजली. मग खडू घेतला आणि लिहिलं: एलेरी आणि व्हिटलॉक, बरोबरीत पहिले. खाली तिसरं नाव.

हॉलिस प्रुइट आपल्या पिशव्या टाकून फळ्यापुढे येऊन उभा राहिला. हातमोजे काढले, चष्मा पुसला.

"आर्मंड, हे काय रे?"

"वाचता येत नाही का?"

"बरोबरी म्हणजे? अठ्ठावीस वर्षं छाती ठोकून सांगतोस आणि आता म्हातारपणी कुंपणावर जाऊन बसलास?"

"पिंपात जे दिसलं ते लिहिलं."

"दोन-अडीचशे मतांत बरोबरी कशी येईल? घाबरलास म्हण की. वय झालं म्हण."

"तू तुझ्या बाटल्या आधी पत्र्याच्या डब्यांतून बाहेर काढ," मी म्हणालो. तो हसत हसत गेला आणि अर्ध्या तासात सगळ्या गावात झालं, आर्मंड लकासचा धीर सुटला. जो येईल तो फळ्याकडे बघायचा आणि मला "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणून चिडवायचा. माझं डोकं फिरलं होतं, पण मी एक अक्षर पुसलं नाही. इतक्या वर्षांत इतकी नेमकी गोष्ट मी कधी लिहिली नव्हती, आणि ती खरी ठरणार याची मला खात्री होती.

तीन वाजता गव्हर्नर आला, ओडीलच्या पिशव्या घेऊन. सगळं टाकून झाल्यावर फळ्यापाशी उभा राहिला. त्याचं नाव त्यावर नव्हतं आणि असणार नाही हे त्यालाही माहीत होतं.

"आर्मंड, तुम्ही मला खरं सांगाल," तो म्हणाला. "म्हणून तुम्हालाच विचारतो. माझं इथे काय?"

"गव्हर्नर, तुम्ही लोकांना आवडता."

"ते मला कळलंय. मत किती?"

मी इकडे तिकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही. हा गुण नाही, नुसती अडचण आहे. "एक," मी म्हणालो.

त्याने एकदा फळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "कुणाचं?"

"ओडीलचं. ते पक्कं आहे, त्यात फरक पडायचा नाही."

"बाकी राज्यात काय व्हायचं ते होऊ दे," तो म्हणाला. "उद्या रात्री मी शर्यतीतून बाहेर पडतोय, हे तुम्हाला म्हणून सांगतो. पण या गावात मी एकतीस दिवस राहिलोय. इथे माझ्या नावापुढे शून्य असलं तर ते घेऊन घरी कसं जायचं, एवढाच प्रश्न होता. एक आहे ना? मग झालं." आणि त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं असेल. मग म्हणाला, "ओडीलना सांगू नका मी विचारलं म्हणून. आज तुर्तिएर आहे."

मी साडेचारला फाटक लावलं, घरी आलो, बटाटे उकडायला टाकले. सहाच्या सुमाराला ओडीलची गाडी दारात. ती कधीच न कळवता येत नाही. आत आली, कोट न काढता खुर्चीत बसली, आणि मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"आर्मंड, मी मूर्ख आहे."

"ते सांगायला इतक्या थंडीत आलीस?"

"ऐक तरी."

ती गावसभागृहात गेली होती, उद्याच्या खाऊच्या टेबलासाठी दोन पाई द्यायला. तिथे भिंतीवर मतदारांची यादी लावलेली होती. सहज बघायला गेली आणि आपल्या नावासमोर पलीकडच्या पक्षाचं अक्षर दिसलं.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक कुठल्याच पक्षाचे नसतात. प्रायमरीच्या दिवशी टेबलापाशी जायचं आणि सांगायचं, निळी मतपत्रिका द्या नाहीतर पिवळी द्या. जी मागाल त्या पक्षाचे तेवढ्यापुरते होता. मत टाकलं की दाराशेजारच्या टेबलावर एका कार्डावर सही करायची, पुन्हा कुणाचेच नाही व्हायचं आणि घरी जायचं. सही करायची राहिली तर मात्र त्या पक्षाला चिकटलात. मग पुढच्या वेळी दुसरा रंग मागता येत नाही. बदलायचं असेल तर आधीच्या ऑक्टोबरात जाऊन बदलायचं असतं, नंतर देव आला तरी नाही.

चार वर्षांपूर्वी ओडीलला पिवळ्या पत्रिकेवरचा एक माणूस इतका आवडत नव्हता की केवळ त्याला पाडायला तिने पिवळी मागितली. पाडला एकदाचा. आणि बाहेर पडताना खाऊच्या टेबलावर शेवटची लिंबाची पाई उरलेली दिसली. ल्यूसियाँला ती फार आवडायची. यादीवर बसलेल्या बर्निस कोल्बीला ही म्हणाली, "एक मिनिट, आलेच सही करायला," आणि पाई घेऊन, ल्यूसियाँला घेऊन घरी निघून गेली.

"बर्निसला आठवतंय," ओडील म्हणाली. "म्हणते, तू एक मिनिट म्हणालीस आणि मी चार वर्षं वाट बघतेय."

"बर्निसला म्हणावं, अगं, आपण चुलत बहिणी."

"म्हटलं. म्हणाली, म्हणूनच नाही."

बर्निसचं बरोबर होतं. मला तिचा त्या क्षणी मनस्वी राग आला, पण बरोबर होतं.

"खालच्या रिकाम्या ओळीवर त्याचं नाव लिही," मी म्हणालो. "कुठल्याही पत्रिकेवर कुणाचंही नाव लिहिता येतं."

"पिवळ्या कागदावर? तिकडे लिहून त्याला काय उपयोग? त्याचं नाव निळ्यावर आहे. मोजतील तेव्हा निळ्यावर शून्यच वाचतील." तिने रुमाल काढला. "एकतीस रात्री माझ्या घरात राहिला. आत्ता माझ्या ओव्हनपुढे उभा आहे, कडा करपू नयेत म्हणून बघतोय. आणि मी त्याला मत नाही देऊ शकत. त्याला सांगू कसं?"

मला दुपारचं आठवलं. ते पक्कं आहे, असं मीच म्हणालो होतो. मी बटाट्यांखालचा गॅस बंद केला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"तू दे," ओडील म्हणाली.

"काय?"

"तुझं मत. निळी माग आणि त्याला दे."

"ओडील, मी कुणाच्या सांगण्यावरून मत देत नाही. आईच्या सांगण्यावरूनही दिलं नव्हतं."

"तुला कुणाला सांगायचंय का? मी सांगणार नाही. बूथमध्ये जायचं, पडदा ओढायचा."

"माझं ठरलंय."

"व्हिटलॉक," ती म्हणाली. "ती तुझ्या काचेपाशी थंडीत चाळीस मिनिटं उभी राहिली तेव्हाच मला कळलं. तू त्या दिवशी माझ्याकडे आलास तो शीळ घालत आलास."

मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. म्हणालो, "आणि फळ्यावर मी बरोबरी लिहिलीय. सगळा गाव मला हसतोय. ती बरोबरी माझं मत धरून आहे, कळतंय का तुला? माझंही एक पत्रक फ्रिजवर आहे."

तिने माझ्या फ्रिजकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता जुनं सगळं निघणार, तुझे कान मी धुतले, तुला मी शाळेत सोडलं, वगैरे. तिने तसलं काहीच काढलं नाही. रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मी मागायलाच नको होतं. चुकी माझी, निस्तरायची मीच." दारापाशी गेली, वळली. "बटाटे काढ. गाळ होईल त्यांचा."

भांडली असती तर मी सुखाने जेवलो असतो. ती समजून घेऊन गेली आणि माझी पंचाईत करून गेली.

मंगळवारी मतदान सातला सुरू होतं. ओडील सातच्या ठोक्याला जाऊन पिवळी पत्रिका घेऊन मत टाकून आली, कुणी बघायच्या आत. हे मला बर्निसने सांगितलं, मी दहाला गेलो तेव्हा. तिचे डोळे सुजलेले होते म्हणाली. आणि मग मला विचारलं, "रंग?"

"निळी," मी म्हणालो.

आमचे बूथ लाकडी आहेत, शंभर वर्षांचे, पट्ट्यापट्ट्यांचा पडदा गुडघ्यापर्यंत येणारा. बाहेरून सगळ्यांना तुमचे बूट दिसतात. मी आत उभा राहिलो. व्हिटलॉकचं नाव वरून तिसरं होतं, हॉगनचं अगदी तळाला. पेन्सिल दोरीला बांधलेली असते, ती मी हातात धरून उभा. ती बाई थंडीत उभी राहिली होती, आणि ती देशाचं बरं करील असं मला मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं. माझ्या एका मताने ती राष्ट्राध्यक्ष होणार नव्हती, न दिल्याने राहणारही नव्हती. पण मी आयुष्यभर लोकांना हेच ऐकवत आलो होतो की असं म्हणायचं नसतं. तसं म्हणणारा माणूस मला आळशी वाटतो.

"आर्मंड, झोपलास का आत?" बाहेरून हॉलिस म्हणाला. "तुझे बूट दहा मिनिटं हललेले नाहीत."

"लोकशाही चाललीय," मी म्हणालो. रांगेत कुणीतरी हसलं.

मग मला ओव्हनपुढे उभा असलेला तो माणूस दिसायला लागला, कडा करपू नयेत म्हणून वाकून बघणारा. तीन वर्षं माझी बहीण टोस्ट खात होती. मी दर रविवारी ओरडून काही झालं नव्हतं. मी तळाच्या चौकटीत फुली मारली, मनातल्या मनात सेनेटरची माफी मागितली, पत्रिका पेटीत टाकली, दाराशेजारी कार्डावर सही केली आणि पुन्हा कुणाचाच नाही होऊन बाहेर पडलो. खाऊच्या टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सातला पेटी बंद झाली. आमच्याकडे मतं हातानेच मोजतात, आणि ज्याला यायचं तो येऊन बसतो. शेगडीजवळच्या बाकावर मी बसलो, शेजारी ओडील. तिने मला काही विचारलं नाही. साडेआठला हॉलिस स्टेजवर उभा राहिला, नाकावर चष्मा, हातात कागद.

"निळी पत्रिका," तो म्हणाला. "एलेरी, चौऱ्याण्णव. व्हिटलॉक, त्र्याण्णव."

सभागृहात एकच हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "एका मताने हुकलास रे, आर्मंड." माझ्या पाठीवर तिघा-चौघांनी थापा मारल्या. मी जमिनीकडे बघत राहिलो. चौऱ्याण्णव आणि चौऱ्याण्णव. अठ्ठावीस वर्षांतली माझी सगळ्यात नेमकी गोष्ट मी माझ्याच हाताने दहा वाजता मोडली होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

ओडीलचा हात माझ्या बाहीवर आला आणि तिथेच राहिला. तिने बेरीज केली होती.

हॉलिस पुढची नावं वाचत गेला, तळाला आला. "हॉगन, एक."

सगळ्यांनी मान वळवून ओडीलकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. छान टाळ्या होत्या, मनापासून. जिने त्याला जेवू घातलं तिचं मत, असं सगळ्यांनी धरलं. 'पण' म्हणणारे सगळे वाजवत होते. फक्त बर्निस वाजवत नव्हती.

"पिवळी पत्रिका," हॉलिस म्हणाला. त्यातली नावं झाली. मग तो थांबला. चष्म्यावरून आमच्या बाकाकडे बघितलं. मोजायला तो होताच, त्याला आधीच कळलेलं होतं. "रिकाम्या ओळीवर हाताने लिहिलेलं नाव एक. वेंडेल हॉगन. मत, एक."

लोक हळूहळू विचार करतात आमच्याकडे, पण करतात. पिवळ्यावर गव्हर्नरचं नाव लिहिणारी बाई या गावात कोण असणार ते सगळ्यांना कळलं, चार वर्षांपूर्वीची लिंबाची पाईही दोघा-तिघींना आठवली असेल. मग निळ्यावरचं ते एक कुणाचं? एकेक चेहरा माझ्याकडे वळला, माझ्याकडून त्या त्र्याण्णवकडे, आणि परत माझ्याकडे. अठ्ठावीस वर्षं झाकून ठेवलेलं सगळं मिनिटभरात उघडं पडलं. मी हॉलिसकडे बघितलं, म्हटलं आता हा बोलणार. त्याने कागदाची घडी केली आणि म्हणाला, "सभा संपली. कॉफी गरम आहे."

ओडीलने पर्समधून फोन काढला. गव्हर्नर शंभर मैलांवर हॉटेलात होता, त्याच्या उरलेल्या सहा-सात माणसांबरोबर. तिने फोन कानाला लावला तेव्हा आजूबाजूचे लोक कपात साखर ढवळायचे थांबले.

"वेंडेल, मी बोलतेय. आमचं मोजून झालं." तिने थोडं ऐकलं. "दोन."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला. आवाज मोठा झाला होता, मला बाकावर ऐकू आलं. "दोन? दुसरं कुणाचं?"

ओडीलने माझ्याकडे बघितलं. सगळा गाव बघत होता, आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"आमच्याकडे असं विचारत नाहीत," ती म्हणाली. "तू जेवलास का?"